वाचकांचे प्रश्न : शेतावरचे स्वयंचलित फाटक आणि माळव्याची काळी माती

इंदूरच्या आसपास ज्यांची शेती आहे, किंवा ज्यांनी शहरातले घर मुलांच्या स्वाधीन करून गावाकडे घर बांधले आहे, अशा वाचकांकडून फाटकाविषयीची पत्रे गेल्या काही महिन्यांत बरीच आली. त्यांतील बहुतेक पत्रांची सुरुवात कोणत्या कंपनीची मोटर घ्यावी या प्रश्नाने होते. माझ्या दृष्टीने हा सर्वांत शेवटी विचारण्याचा प्रश्न आहे. आधी जमीन पाहावी, मग फाटकाचे वजन आणि त्याची चाल पाहावी, आणि त्यानंतरच मोटरकडे वळावे. म्हणून खालील उत्तरांत कंपन्यांची नावे नाहीत. मात्र सियागंज किंवा महारानी रोडवर खरेदीला जाण्यापूर्वी काय ठरलेले असावे, ते सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : आमच्या शेतावर प्रत्येकी आठ फुटांच्या दोन झडपांचे लोखंडी फाटक आहे. मागील मार्चमध्ये त्याला मोटर बसवल्या आणि तीन महिने काम उत्तम चालले. ऑगस्टमध्ये दोन्ही झडपा मध्यभागी एकमेकींना घासू लागल्या आणि आता मोटर अर्ध्यावर थांबून उलट फिरते. मोटर कमी ताकदीची असून मोठी घ्यावी लागेल, असे बसवणारे म्हणतात. घ्यावी का? (एक वाचक, सांवेर)

घेऊ नये. आपली मोटर बिघडलेली नाही. वाटेत अडथळा आला की थांबून मागे फिरणे हे तिचे कामच आहे आणि ती ते चोख करीत आहे. तिच्या जागी मोठी मोटर लावली तर ती त्या अडथळ्याला न जुमानता झडप रेटेल. मग काही महिन्यांत बिजागरी वाकेल किंवा मोटरचा कंस (ब्रॅकेट) खांबापासून सुटेल. शिवाय उद्या त्या जागी झडपेऐवजी एखादे लहान मूल असले, तरी ती मोटर तितक्याच जोराने रेटत राहील, हे ध्यानात घ्यावे.

आधी एक साधी तपासणी करावी. मोटरसोबत मिळालेल्या किल्लीने मोटर झडपेपासून सोडवावी आणि झडप हाताने उघडून पाहावी. ती एका हाताने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच जोराने फिरली पाहिजे आणि अर्ध्यावर सोडली तर तेथेच थांबली पाहिजे. आपोआप उघडू किंवा मिटू लागली, तर खांब कलला आहे असे समजावे. जुने लोहार फाटक बसवल्यावर मालकासमोर हीच परीक्षा देत असत, आणि मोटरच्या जमान्यातही तिच्याहून चांगली परीक्षा मला सापडलेली नाही.

आपल्या पत्रातील महिने पाहिले की कारण उघड होते. मार्चमध्ये काळी माती कोरडी होऊन आक्रसलेली असते आणि ऑगस्टमध्ये ती पाणी पिऊन फुगलेली असते. या मातीतील चिकणमातीचे कण आपल्या थरांमध्ये पाणी ओढून घेतात आणि आकाराने वाढतात. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेले की जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन्ही खांबांखालची माती सारखीच फुगली असती तर फारसे बिघडले नसते. पण एका खांबाजवळ पावसाळी पाण्याची नाली असते, दुसऱ्याजवळ कडुनिंबाचे झाड असते, आणि त्यामुळे दोन्हीकडचा ओलावा कधीच सारखा नसतो. त्यात झडपेचे वजन खांबाला सतत एका बाजूला ओढत असते. खांब अवघा एक अंश कलला, तरी आठ फुटांच्या झडपेचे टोक सुमारे 43 मिलिमीटर खाली येते. झडपा एकमेकींना घासायला एवढे पुरेसे आहे.

आता उपाय. खांबाभोवती वरवर आणखी काँक्रीट ओतण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. तो मानू नये. माझ्या स्वतःच्या शेतावर पहिल्या वेळी तीन फूट खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणून तो काँक्रीटने भरला होता. दोन पावसाळ्यांनंतर तो ठोकळा खांबासकट कलला, कारण ठोकळा कितीही जड असला तरी तो बसला होता त्याच हलणाऱ्या थरात. पाया हा न हलणाऱ्या थरापर्यंत नेला पाहिजे. आपल्या भागात काळ्या मातीखाली मुरूम लागतो, पण तो कोठे चार फुटांवर असतो तर कोठे बारा फुटांवरही लागत नाही. म्हणून फाटकाच्या जागीच, दोन्ही खांबांच्या ठिकाणी, भोक पाडून पाहावे. मुरूम जवळ असेल तर पाया सरळ त्यात उतरवावा. तो खोल असेल तर तळाशी फुगा असलेली पाइल, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून त्यात ओतलेला काँक्रीटचा खांब, करावी. काळ्या मातीसाठी ही पद्धत आपल्याच देशात, रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत विकसित झाली आणि तिच्यासाठी आयएस 2911 च्या तिसऱ्या भागात भारतीय मानक आहे. काळ्या मातीचा थर खोल असेल तेथे अशी पाइल जमिनीखाली किमान साडेतीन मीटर न्यावी, असा त्यात दंडक आहे, कारण ऋतूंप्रमाणे होणारी ओलाव्याची चढउतार साधारण तेवढ्या खोलीपर्यंत पोहोचते. पाइलचा दांडा 250 मिलिमीटर व्यासाचा असेल तर तळाचा फुगा त्याच्या अडीचपट, म्हणजे सुमारे 625 मिलिमीटर ठेवतात. हा फुगा खालच्या स्थिर मातीत अडकून राहतो आणि वरची माती फुगून दांड्याला वर ओढू लागली तरी त्याला उपटू देत नाही. हे भोक हाताने फिरवण्याच्या अवजाराने पाडता येते. मोठ्या यंत्राची गरज नसते.

दोन्ही पाइल रस्त्याखालून एका काँक्रीटच्या तुळईने जोडाव्यात, म्हणजे खांबांतील अंतर आणि त्यांचा परस्परांशी कोन कायम राहतो. या तुळईच्या बुडाखाली सुमारे 80 मिलिमीटर पोकळी सोडणे अत्यावश्यक आहे. ती न सोडल्यास फुगणारी माती तुळईलाच खालून उचलते आणि सारे काम वाया जाते. गव्हाने भरलेली ट्रॉली याच तुळईवरून जाणार असल्याने तिच्यातील सळया गवंड्याच्या अंदाजावर न सोडता एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून हिशेब करून घ्याव्यात. पावसाचे पाणी खांबांपासून दूर जाईल असा उतार द्यावा आणि खांबाच्या बुडाशी बोगनवेल लावून तिला रोज पाणी घालण्याचा मोह टाळावा. हे सर्व काम मे महिन्याच्या अखेरीपूर्वी संपवावे. तोपर्यंत मोटर सोडवून ठेवून फाटक हातानेच वापरावे, ही विनंती.

प्रश्न : नवे फाटक करायचे आहे. झडपांचे करावे की सरकते? रस्ता अरुंद असून ट्रॅक्टर-ट्रॉली नेहमी येते आणि हंगामात हार्वेस्टरही येतो. (एक वाचक, देपालपूर)

रुंदी आधी ठरवू. आपल्याकडे गहू आणि सोयाबीन काढायला येणाऱ्या हार्वेस्टरची कापणीची पट्टी बहुधा चौदा फुटांची असते. ती उतरवून नेता येते हे खरे. पण हंगामात हार्वेस्टरवाल्याला तासाचा हिशेब असतो आणि तो फाटकापाशी थांबून पट्टी उतरवणार नाही. म्हणून स्वच्छ मोकळी रुंदी सोळा फुटांहून कमी नसावी, आणि अरुंद रस्त्यावरून काटकोनात वळून आत यायचे असेल तर ती अठरा फूट ठेवावी. फाटक रस्त्याच्या अगदी कडेला बसवू नये. ट्रॅक्टर आणि मागची ट्रॉली मिळून आठ ते साडेआठ मीटर लांबी होते. फाटक उघडेपर्यंत ही सगळी लांबी रस्त्यावर उभी राहिली, तर रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या जिवावर बेतते. फाटक नऊ-दहा मीटर आत घेतल्याने जी थोडी जमीन बाहेर राहते, तिच्याविषयी मनात खंत बाळगू नये. झडपा कोणत्याही परिस्थितीत सार्वजनिक रस्त्याच्या दिशेने उघडता कामा नयेत.

प्रकाराविषयी माझे मत स्पष्ट आहे. काळ्या मातीत, शेतीची वाहने जेथे येतात तेथे, जमिनीवरच्या रुळावर सरकणारे फाटक करू नये. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला चिखल रुळात बसतो आणि ऊन पडले की विटेसारखा कडक होतो. मग चाक रुळावरून उतरते किंवा मोटर थांबते. रोज सकाळी रूळ खरवडणारा माणूस आपल्याकडे असेल, तर स्वयंचलित फाटकाने त्याचे श्रम कमी झाले असे म्हणता येणार नाही.

रस्त्यावर रूळ नसलेले, एका बाजूच्या पायावरच तोललेले सरकते फाटक मला अशा जागी सर्वांत योग्य वाटते. त्याच्या तळाच्या पोकळ तुळईत दोन रोलरगाड्या असतात आणि त्या दोन्ही एकाच बाजूला, एकाच पायावर बसवलेल्या असतात. पाया एकसंध असल्याने माती हलली तरी दोन्ही गाड्या बरोबरच हलतात, आणि समोरच्या खांबावर केवळ फाटकाचे टोक टेकत असल्याने तेथे थोडी तफावत चालून जाते. तोल राखण्यासाठी फाटकाला मोकळ्या रुंदीच्या किमान चाळीस टक्के जास्त शेपूट लागते. म्हणजे साडेपाच मीटरच्या वाटेसाठी फाटकाची एकूण लांबी पावणेआठ मीटरच्या आसपास जाते आणि कुंपणालगत तेवढी सरळ, सपाट जागा मोकळी असावी लागते. खर्चही अधिक येतो. ही जागा नसेल तर पहिल्या उत्तरात सांगितलेल्या पायावर दोन झडपांचे फाटक करावे. महू आणि मानपूरच्या बाजूला, जेथे वाट आतल्या दिशेने चढत जाते, तेथे आत उघडणारी झडप जमिनीला टेकते. त्या वाचकांना सरकत्या फाटकाशिवाय फारसा चांगला पर्याय नाही.

लोखंडी पत्र्याने पूर्ण बंद केलेल्या फाटकाचा आग्रह अनेक जण धरतात. पाच मीटर रुंद आणि 1.8 मीटर उंच फाटकाला 1.6 मिलिमीटरचा पत्रा मारला, तर पत्र्याचेच वजन सुमारे 113 किलो होते. त्याहून गंभीर बाब वाऱ्याची आहे. मे-जूनमधील वादळात ताशी 72 किलोमीटरचा झोत आला, तर नऊ चौरस मीटरच्या अशा फाटकावर सुमारे 220 किलो वजनाएवढा दाब पडतो. माळव्याच्या उघड्या पठारावर वाऱ्याला अडवणारे दुसरे काही नसते. म्हणून शेतावरच्या फाटकाला पत्र्याऐवजी बारीक जाळी मारावी; वारा निघून जातो आणि आत येणारा कोण आहे हेही दिसते.

प्रश्न : फाटक घरापासून 120 मीटरवर आहे. तेथून जवळच विहिरीच्या पंपाचे कनेक्शन आहे. मोटरला त्यावरून वीज घ्यावी, घरून केबल न्यावी की सौर पॅनेल लावावे? (एक वाचक, हातोद)

पंपाच्या कनेक्शनवरून घेऊ नये. मध्य प्रदेशात शेतीच्या फीडरवर दिवसाला दहा तास आणि घरगुती फीडरवर चोवीस तास वीज देण्याची पद्धत आहे. फाटकाला मात्र वीज केव्हा लागेल हे ठरलेले नसते. शिवाय शेतीसाठी सवलतीत मिळालेली वीज दुसऱ्या कामाला वापरणे नियमालाही धरून नाही.

घरून केबल न्यायची असेल तर एक चूक हमखास होते, ती सांगतो. बहुतेक चांगल्या मोटर 24 व्होल्टच्या असतात, म्हणून काही जण ट्रान्सफॉर्मर घरात ठेवून तेथून 24 व्होल्टच फाटकापर्यंत नेतात. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे 12 ओहम असतो. जाऊन-येऊन 240 मीटर तारेचा रोध जवळजवळ 2.9 ओहम होतो आणि मोटरने 10 अँपिअर ओढले तर तारेतच 29 व्होल्ट खर्च व्हायला हवेत, म्हणजे मुळात आहेत त्याहून अधिक. मोटर जागची हलणारच नाही. तेच 230 व्होल्ट फाटकापर्यंत नेऊन ट्रान्सफॉर्मर तेथे बसवला, तर 300 वॅटच्या भारालाही तारेत चार व्होल्टांहून कमी पडतात. म्हणून 230 व्होल्टच न्यावेत. केबल लोखंडी तारेचे चिलखत असलेली असावी, कारण उंदीर साधी केबल कुरतडतात. ती पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू टाकून आणि वर विटा मांडून पुरावी. नांगर किंवा कुदळ लागण्याचा संभव असलेल्या जागी विटांचा हा थर जीव वाचवतो. घराच्या टोकाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आणि फाटकाच्या टोकाला विजेच्या लोटापासून संरक्षण देणारे उपकरण बसवावे. अर्थिंग फाटकापाशी वेगळे करावे. उन्हाळ्यात काळी माती भेगाळून अर्थिंगच्या दांड्यापासून सुटते, म्हणून तेथे एप्रिलपासून अधूनमधून पाणी घालावे.

सौर पॅनेल नक्की चालते, परंतु त्याचा हिशेब विक्रेते बहुधा अर्धाच सांगतात. दोन झडपांच्या दोन मोटर मिळून 120 वॅट घेतात आणि उघडण्या-मिटण्याला एकूण 40 सेकंद लागतात असे धरले, तर एका फेरीला 1.3 वॅट-तास लागतात. दिवसाला पंधरा फेऱ्या झाल्या तरी वीस वॅट-तास. खरा खर्च आहे तो फाटक स्वस्थ उभे असतानाचा. रिमोटची हाक ऐकण्यासाठी जागा राहणारा बोर्ड आणि सेन्सर मिळून चार वॅट घेत असतील, तर चोवीस तासांत 96 वॅट-तास जातात. म्हणजे हलण्यापेक्षा वाट पाहण्यातच जवळजवळ पाचपट वीज जाते. एकूण गरज 116 वॅट-तासांची झाली. आपल्याकडे पॅनेलला वर्षभराच्या सरासरीने दिवसाला पाच तासांचे पूर्ण ऊन मिळते असे धरता येते. श्रावणाच्या झडीत ते निम्म्यावर येते. बॅटरी आणि चार्जरमधील घट धरून साठ वॅटचे पॅनेल उन्हाळ्यात सुमारे 210 वॅट-तास देईल, पण पावसाळ्यात 105 वरच थांबेल आणि फाटक नेमके चिखलाच्या दिवसांत बंद पडेल. म्हणून शंभर वॅटचे पॅनेल घ्यावे. सोबत मिळणाऱ्या सात अँपिअर-तासांच्या दोन छोट्या बॅटऱ्या सौर व्यवस्थेला अपुऱ्या आहेत. तीन ढगाळ दिवस निभावायचे आणि बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी होऊ द्यायची नाही, असे ठरवले तर 12 व्होल्टच्या, 30 अँपिअर-तासांहून कमी नसलेल्या दोन बॅटऱ्या लागतात. त्या लोखंडी पेटीत उन्हात ठेवू नयेत. तापमान दहा अंशांनी वाढले की शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. खांबाच्या उत्तरेला, सावलीत, हवा खेळती राहील अशी कोनाडेवजा जागा करावी. मळणीच्या दिवसांत पॅनेलवर भुसा बसतो, तो दर दोन दिवसांनी पुसावा.

प्रश्न : आमची दोन नातवंडे सुटीत शेतावर येतात आणि चौकीदाराची तीन मुले तर तेथेच राहतात. फाटकाच्या अंदाजपत्रकात सेन्सर आणि रबरी कडपट्टीचा खर्च वेगळा दाखवला आहे. माझे दीर म्हणतात की मोटर अडथळा लागला की आपोआप थांबते, मग हा वरचा खर्च कशाला? मला मात्र भीती वाटते. (एक वाचिका, इंदूर)

आपली भीती रास्त आहे, आणि आपण हा प्रश्न विचारला याचे मला मनापासून बरे वाटले. आपल्या दिरांचे म्हणणे चुकीच्या हेतूने केलेले नाही. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात ते याच शब्दांत छापलेले असते. परंतु जून-जुलै 2010 मध्ये ब्रिटनमध्ये काही दिवसांच्या अंतराने, एक मँचेस्टरला आणि एक ब्रिजेंडला, अनुक्रमे सहा आणि पाच वर्षांच्या दोन मुली स्वयंचलित फाटक आणि खांब यांच्यामध्ये सापडून मरण पावल्या. मोटरला अडथळा जाणवण्यासाठी आधी फाटक कशावर तरी दाबले जावे लागते. तो दाब किती, हे फाटकाच्या वजनावर आणि मोटर किती नीट जुळवली आहे यावर ठरते, आणि एकदा जुळवलेली मोटर पावसाळ्यात फाटक जड झाल्यावर कोणीतरी पेचकसाने वाढवून ठेवतो. युरोपच्या ईएन 12453 या मानकात, माणूस चिरडला जाण्याजोग्या फटीत फाटकाचा क्षणिक दाब 400 न्यूटन, म्हणजे सुमारे 40 किलो वजनाएवढा, आणि तोही पाऊण सेकंदाहून अधिक काळ नसावा, असे घातले आहे. अमेरिकेच्या यूएल 325 या मानकात धोक्याच्या प्रत्येक जागी एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन संरक्षक व्यवस्था मागितल्या आहेत. दोन्हीकडे हे नियम मुलांचे जीव गेल्यावर कडक होत गेले. आपल्याकडे कोणी विचारायला येत नाही म्हणून आपण तेवढे करू नये, असे मला वाटत नाही.

म्हणून अंदाजपत्रकातील त्या दोन ओळी कापू नयेत. कापायचेच असेल तर फाटकावरची नक्षी आणि खांबांवरचे दिवे कापावेत. फोटोसेलची, म्हणजे समोरासमोर बसवलेल्या आणि मधला किरण अडला की फाटक थांबवणाऱ्या सेन्सरची, एक जोडी जमिनीपासून अर्ध्या मीटरवर असावी, म्हणजे लहान मूल तिच्यासमोर येते. शेतावर दुसरी जोडी एक मीटरच्या आसपास लावणे तितकेच आवश्यक आहे. ट्रॅक्टर पुढे गेला आणि ट्रॉली अजून आली नाही, अशा वेळी खालच्या जोडीचा किरण दोघांच्या मधल्या हूकवरून आरपार जातो, फाटकाला वाट मोकळी वाटते आणि ते ट्रॉलीवर मिटू लागते. रबरी कडपट्टी, म्हणजे दाबली जाताच फाटक थांबवणारी पट्टी, मिटणाऱ्या कडेला तर हवीच, पण सरकत्या फाटकात मागच्या कडेलाही हवी, कारण उघडतानाही मूल फाटक आणि कुंपणाच्या खांबामध्ये सापडू शकते.

सरकत्या फाटकाच्या गजांमधून हात घालून मुले उभी राहतात आणि फाटक खांबामागे जाऊ लागले की हात अडकतो. गजांवर जमिनीपासून सहा फुटांपर्यंत अशी जाळी मारावी की तिच्यातून 57 मिलिमीटरचा चेंडू जाणार नाही. रूळ असो वा नसो, दोन्ही टोकांना पक्के अडसर असावेत, म्हणजे दोनशे किलोचे फाटक रोलरवरून निसटून कोणाच्या अंगावर पडणार नाही. बटण फाटकापासून किमान सहा फूट दूर लावावे, म्हणजे बटण दाबणारे मूल फाटकाला हात लावू शकणार नाही. आपोआप मिटण्याची सोय शेतावर मी बंदच ठेवायला सांगतो; ज्याला मिटायचे आहे त्याने पाहून मिटावे.

आणि पायी जाणाऱ्यांसाठी वेगळे लहान दार करावे. आपल्या जुन्या वाड्यांच्या मोठ्या दरवाज्यात दिंडी असे, ती याच शहाणपणाची. फरक एवढाच की वाड्याची दिंडी मोठ्या झडपेतच असे. मोटरच्या फाटकात ती झडपेत मुळीच करू नये, तर बाजूच्या भिंतीत, फाटकाच्या चालीपासून दूर करावी. चौकीदाराच्या मुलांना शाळेत जायला तेच दार असावे आणि मोठ्या फाटकावर लटकून झोके घ्यायचे नाहीत, हे त्यांना घरातील माणसाने प्रेमाने आणि पुनःपुन्हा सांगावे.

प्रश्न : आमच्या जमिनीतून जाणाऱ्या वाटेने मागचे दोन शेतकरी पूर्वापार ये-जा करतात. तेथे स्वयंचलित फाटक लावून त्यांना रिमोट दिले तर चालेल का? (एक वाचक, खुडैल)

त्यांची लेखी संमती असेल तरच लावावे. मध्य प्रदेश भूराजस्व संहिता, 1959 च्या कलम 131 प्रमाणे शेतावर जाण्याच्या वाटेविषयी वाद झाल्यास तहसीलदार स्थानिक चौकशी करून, पूर्वीची वहिवाट आणि सर्वांची सोय पाहून निर्णय देतात. अशी वाट अडवल्यास दंडाची तरतूद कलम 132 मध्ये आहे. रिमोटची बॅटरी संपली आणि रात्री पाण्याची पाळी असलेला शेतकरी बाहेर उभा राहिला, तर त्याच्या दृष्टीने वाट अडवलीच गेली. पटवाऱ्याकडून नकाशावर ती वाट कशी नोंदली आहे ते आधी पाहावे. नंतरही मला विचाराल तर अशा वाटेवर मोटर नको. साधे, कडी-कोयंड्याचे, कोणालाही उघडता येणारे फाटक पुरे. नीलगाय आणि मोकाट गुरे अडवायला तेवढे समर्थ आहे, आणि शेजार टिकतो.

प्रश्न : दोन वर्षांत बोर्ड दोनदा जळला. दोन्ही वेळा आत मुंग्या आणि एक मेलेली पाल सापडली. (एक वाचक, सिमरोल)

बोर्डाच्या पेटीत ऊब असते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मुंग्या तेथे अंड्यांसह मुक्काम करतात आणि पाल त्यांच्यामागे येते. केबल आत येण्याची भोके रबरी ग्लँडने पूर्ण बंद करावीत आणि वापरात नसलेली भोके सिलिकॉनने भरावीत. जमिनीतून येणाऱ्या पाइपचे तोंडही आतून बंद करावे; मुंग्यांचा मार्ग बहुधा तोच असतो. पेटी जमिनीपासून दीड फूट तरी वर असावी. बोर्डावर कीटकनाशक फवारू नये, त्याने तांब्याच्या रेषा गंजतात.

प्रश्न : वडील 78 वर्षांचे असून शेतावर बहुतेक वेळ एकटे असतात. मोबाइलवरून फाटक उघडण्याची सोय करावी, असे मनात आहे. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, इंदूर)

गावात वाय-फायवर भिस्त ठेवू नये. सिमकार्ड असलेला बोर्ड लावावा; ठरवून दिलेल्या क्रमांकावरून मिस्ड कॉल आला की फाटक उघडते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र त्या जागी कोणत्या कंपनीचे नेटवर्क टिकते, हे फाटकापाशी उभे राहून, पावसाच्या दिवशीही, पाहावे. सिमचे रिचार्ज संपल्याची आठवण आपल्याच मोबाइलमध्ये लावून ठेवावी.

याहून महत्त्वाचे आहे ते मोटर हाताने सोडवण्याचे. वीज गेली, बॅटरी उतरली आणि वडिलांना बरे वाटेनासे झाले, तर 108 ची रुग्णवाहिका फाटकाबाहेर उभी राहील. मोटर सोडवण्याची किल्ली बहुतेक घरांत बिलाबरोबर कपाटात बंद असते आणि ती कशी फिरवायची हे बसवणाऱ्या कारागिराखेरीज कोणाला माहीत नसते. तिच्या तीन प्रती कराव्यात. एक वडिलांच्या पलंगाजवळच्या खिळ्याला, एक चौकीदाराकडे आणि एक शेजारच्या शेतकऱ्याकडे ठेवावी. मोटरचे झाकण बाहेरून हात घालून पोहोचता येईल अशा जागी नसेल, तर शेजाऱ्याला बाजूच्या लहान दाराचीही किल्ली द्यावी. येत्या रविवारी शेतावर गेल्यावर मुख्य स्विच बंद करून वडिलांच्याच हातून मोटर सोडवून घ्यावी आणि फाटक पूर्ण उघडायला लावावे. त्यांना ते ढकलता आले नाही, तर दोष त्यांच्या वयाचा न मानता फाटकाचा मानावा आणि बिजागऱ्या, चाके व खांब पुन्हा तपासून घ्यावेत.